तालीम म्हणजे प्रयोग नव्हे

'प्रयोग' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर रंगभूमीचे, दुसरे शास्त्राचे. नाटक लिहून झाले, पात्रे ठरली, महिना-दोन महिने तालमी झाल्या, तरी त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि समोर आपल्या सांगण्यातली नसलेली माणसे येऊन बसली, म्हणजे मग तो प्रयोग. तालमीत नाटक पडत नाही. पडते ते प्रयोगात. शास्त्राच्या घरीही ह्या शब्दाचा अर्थ ह्याहून वेगळा नाही. तेथे प्रेक्षकांच्या जागी निसर्ग बसलेला असतो, आणि तो कोणाच्या शिफारशीवरून टाळ्या वाजवीत नाही.

हे सांगावयाचे कारण असे की, अलीकडे आपल्या माध्यमिक शाळांतून आणि कनिष्ठ महाविद्यालयांतून 'आभासी प्रयोगशाळा' नावाची वस्तू येऊ लागली आहे. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर एक लंबक टांगलेला असतो. बोटाने ओढून सोडला की तो झुलू लागतो. दोरी लांब करा, पृथ्वी सोडून चंद्रावर जा, गुरूवर जा. लंबक आज्ञाधारकपणे आपली चाल बदलतो आणि त्याच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ कोपऱ्यात आपोआप उमटतो. इंग्रजीत ह्याला 'सिम्युलेशन' म्हणतात. ह्यावर माझे म्हणणे काय ते प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे फराळाच्या ताटाशी बसून हा अंक चाळणाऱ्यांना शेवटापर्यंत ताटकळावे लागणार नाही. ही एक उत्कृष्ट तालीम आहे. तो प्रयोग नव्हे. आणि तालमीची जागा दाखवून नाट्यगृहाला कुलूप ठोकण्याचा जो उद्योग चालू आहे, तो गरिबांच्या मुलांच्या मुळावर येणारा आहे.

मी यंत्रद्वेष्टा आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. तीस वर्षांहून अधिक काळ भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवताना खडूने फळ्यावर अणू काढून काढून माझी बोटे झिजली. वायूचे रेणू भांड्याच्या भिंतींवर आदळतात म्हणून दाब निर्माण होतो, हे वाक्य मुले घोकत. डोळ्यांपुढे त्यांच्या काही येत नसे. आज तेच रेणू पडद्यावर धावताना दिसतात. भांडे तापवले की त्यांचा वेग वाढतो, झाकण उडते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन चिमटीने उचलून मुलगा स्वतः अणू रचतो. जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही, ते दाखवण्याचे हे साधन माझ्या ऐन उमेदीत मला मिळाले असते, तर मी ते डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

ह्या प्रकारातले सर्वांत नावाजलेले काम अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे आहे. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आणखी दोघांबरोबर मिळवणारे कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये 'फेट' नावाचा हा प्रकल्प सुरू केला. त्यातली साधने कोणासही फुकट वापरता येतात, त्यांतली कित्येक मराठीतही आहेत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने शाळकरी मुलांच्या अडचणींत डोके घालावे, ही आपल्याकडच्या थोरांनी गिरवण्यासारखी गोष्ट आहे. तेव्हा माझे भांडण कोलोरॅडोशी नाही. भांडण आहे ते आपल्या इथल्या, त्या साधनाचा भलताच अर्थ लावून मोकळे होणाऱ्या लोकांशी.

पडद्यावरचा लंबक आपल्याला जे सांगतो, ते त्याला कोणीतरी आधी सांगून ठेवलेले असते. घर्षण दाखवता येते, हवा दाखवता येते. पण जेवढे घातले तेवढेच बाहेर येणार. विजेच्या मंडलाच्या चित्रातला सेल पाहा. तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय त्याला स्वतःचा अंतर्गत रोध नसतो. खरा सेल थकतो, गरम होतो, दिवा जोडताच त्याचा दाब थोडा उतरतो. तार सैल असते, पट्टीवर गंज असतो, शेजारच्या मुलाचा धक्का लागतो. मुलगा म्हणतो, "सर, पुस्तकाप्रमाणे येत नाही." माझ्या मते शास्त्राचे शिक्षण ह्या वाक्यापासून सुरू होते. का येत नाही, हे शोधायला तो ज्या क्षणी वाकतो, त्या क्षणी तो शास्त्रज्ञाच्या कुळात दाखल होतो. पडद्यावर हा क्षण येतच नाही.

लंबकाचीच गोष्ट घ्या. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला होता. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते वेळेवर आणण्यासाठी लंबक जेमतेम तीन मिलिमीटरांनी आखूड करावा लागला. तीन मिलिमीटर! आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने ते खोडून वर पॅरिसचा आकडा लिहिला असता आणि परीक्षकाने त्याला पूर्ण गुण दिले असते. रिशेने खोडले नाही. पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात ह्याच फरकाचा आधार घेऊन पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, असा निष्कर्ष मांडला. समजा, रिशेजवळ पॅरिसमध्ये तयार केलेली आभासी प्रयोगशाळा असती, तर कायेनमध्येही तिने पॅरिसचेच गुरुत्व दाखवले असते. घड्याळ मागे पडले नसते आणि पृथ्वी वाटोळीच राहिली असती.

रसायनशास्त्रातले उदाहरण ह्याहून बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले लॉर्ड रॅले नायट्रोजनचे वजन करीत होते. हवेतून इतर वायू काढून घेऊन उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे. अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला १.२५०५ ग्रॅम. फरक शेकडा अर्धा. कोणीही म्हटले असते, चालायचेच. रॅले ह्यांनी १८९२ मध्ये हे कोडे जाहीरपणे शास्त्रज्ञांपुढे मांडले. कोणाला कारण ठाऊक असेल तर सांगा, म्हणून विचारले. त्या अर्ध्या टक्क्याच्या पोटातून १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी ह्यांनी आर्गॉन बाहेर काढला. १९०४ मध्ये रॅले ह्यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी ह्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण दर श्वासाला जो वायू आत घेतो आणि सोडतो, तो तोवर मनुष्यजातीला माहीत नव्हता. आणि जे माहीत नव्हते ते कोणाही चित्रकाराला चित्रात घालता आले नसते.

गंमत अशी की ह्याच रॅले ह्यांनी समुद्राच्या निळेपणाविषयी सांगून ठेवले होते की, ते आकाशाचे प्रतिबिंब आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून बोटीने परत येत होते. एवढ्या मोठ्या माणसाचे मत त्यांनी शिरोधार्य मानले नाही. जवळच्या निकोल लोलकातून पाहून त्यांनी पृष्ठभागावरचे प्रतिबिंब पुसून टाकले. निळा रंग गेला नाही, उलट अधिकच खुलला. त्यांचे त्या विषयावरचे पत्र 'नारकुंडा' बोटीवरून, मुंबई बंदर असा पत्ता घालून गेले. पुढच्या सात वर्षांत त्या धाग्याचा शोध घेता घेता ते १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले. त्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. अनेक ठिकाणी तो मुलांना पडद्यावर चित्रे दाखवून साजरा होतो!

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. त्यांच्याजवळ एक बळकट पुरावा आहे, आणि तो लपवून ठेवणे मला शोभणार नाही. २००५ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना विजेच्या मंडलाचा पाठ खऱ्या तारा आणि दिवे देऊन दिला. इतरांना तोच पाठ पडद्यावर दिला. नंतर सर्वांना खरे मंडल जोडावयास आणि समजावून सांगावयास लावले. पडद्यावर शिकलेले विद्यार्थी सरस ठरले. हा निष्कर्ष मला मान्य आहे. त्याचे कारणही उघड आहे. तांब्याच्या तारेत काय वाहते ते दिसत नाही. पडद्यावर विजेचे कण सरकताना दिसतात. ज्याची तालीम चांगली झाली त्याचा प्रयोग रंगला, एवढाच ह्याचा अर्थ. परंतु हा दाखला उठल्यासुटल्या आपल्या तोंडावर फेकणारे एक गोष्ट विसरतात. कोण सरस हे ठरवताना त्या संशोधकांनाही टेबलावर खरे दिवे आणि खऱ्या तारा मांडाव्या लागल्या. कसोटीचा दगड पडद्यावरचा नव्हता. आमच्याकडे मात्र तालीम झाली की प्रयोगाची तारीख रद्द करून सत्कार उरकतात.

दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, तुमच्या त्या खऱ्या प्रयोगशाळांत कोणते दिवे लागत होते?" खरे आहे. बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे, आणि हे ३० गुण बहुतेक ठिकाणी लग्नातल्या अक्षतांसारखे उधळले जातात. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची, तीही कित्येकदा थोरल्या बहिणीच्या अक्षरात. ब्युरेटची वाचने १०.२, १०.२, १०.२. तीन वेळा थेंबाथेंबाने आम्ल सोडून ज्याला तीनही वेळा नेमके तेच वाचन मिळते, तो एक तर यक्षिणीचा पुत्र असला पाहिजे, नाही तर त्याने ब्युरेटला हात लावलेला नसला पाहिजे. 'प्रात्यक्षिक' ह्या शब्दाच्या पोटात 'प्रत्यक्ष' आहे. ते आम्ही कधीच काढून घेतले होते; पोकळ टरफल तेवढे वेळापत्रकात ठेवले होते.

म्हणूनच तर आभासी प्रयोगशाळा आमच्या व्यवस्थेला इतकी चटकन रुचली. जी व्यवस्था वहीत खाडाखोड नसलेले, पुस्तकाबरहुकूम उत्तर मागत होती, तिला तसे उत्तर दर वेळी न चुकता देणारे यंत्र मिळाले. रोग होता खोट्या वाचनांचा. उपाय म्हणून आम्ही खोटे वाचन येणारच नाही, पण खरेही कधी येणार नाही, अशी सोय केली.

आता गरिबीची सबब. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे म्हटले आहे की, आभासी प्रयोगशाळा उभारून सर्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताने करून पाहण्याच्या शिक्षणाचा समान लाभ द्यावा. वंचित घटकांतल्या मुलांना आधीच मजकूर भरलेल्या टॅबलेटसारखी साधने देण्याचाही विचार व्हावा. त्याच धोरणात अनुभवातून शिकण्याचा पुरस्कारही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हाताने करून पाहणे पडद्यातून कसे पोहोचवणार? जेवणाचे चित्र घरोघर वाटले म्हणजे पंगत समान झाली, असे म्हणण्यापैकीच हे आहे. महागड्या शाळेतल्या मुलाला काचेची परीक्षानळी मिळणार आणि तिच्या जोडीला पडदाही मिळणार. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीला नळीचे चित्र तेवढे मिळणार. ह्याला समानता म्हणावयाचे असेल, तर विषमता कशाला म्हणावे?

दोन वर्षांपूर्वी एका गावी अशा प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मला बोलावणे आले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशी शाळा ती एकटी नाही. प्रयोगशाळेतले धुण्याचे ओटे प्लायवूडने झाकून त्यांवर संगणक मांडले होते. प्रयोगशाळा परिचराची जागा कित्येक वर्षे भरलेली नव्हती. जुनी कपाटे व्हरांड्यात काढली होती. आत काटे, लोलक, धूळ बसलेल्या बाटल्या. समारंभानंतर मी तेथे रेंगाळलो असता नववीतला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. बाटलीतले निळे खडे पाहून तो उद्गारला, "सर, हे तर आमच्या बागेतलं मोरचूद!" त्याच्या वडिलांची द्राक्षबाग होती, मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करताना तो स्वतः बादली ढवळीत असे. चिठ्ठीवर लिहिले होते 'कॉपर सल्फेट'. हे नाव त्याने पडद्यावर अनेकदा दाबले होते, त्यात लोखंडाचा खिळा बुडवला होता, खिळ्यावर तांबे चढलेलेही पाहिले होते. ते आपल्या घरचेच मोरचूद, हे त्याला तोवर कोणी सांगितले नव्हते, आणि पडदा सांगणार नव्हता. बाटली लिलावात निघण्याच्या बेतात होती.

उपकरणे परवडत नाहीत, हे म्हणणे मी एरवी मुकाट्याने ऐकून घेतले असते. पण इतिहास ते ऐकू देत नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुले टोळ्या करून प्रयोग करीत, स्वतःची वाचने लिहीत, त्यांवर वाद घालीत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण जे विचारले जाई ते पुस्तकात आयते सापडत नसे. कार्यक्रम पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरला. पुण्यातल्या कारखान्यातून रजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या घेऊन भूमितीपासून रेणूंच्या रचनेपर्यंत सारे हातात आणून दिले. हा कार्यक्रम सरकारी आदेशाने बंद झाला तो २००२ मध्ये. ज्या वर्षी कोलोरॅडोत पडद्यावरच्या प्रयोगांचा पाया घातला गेला, त्याच वर्षी आपल्या शेजारच्या राज्यात हातांनी करावयाच्या प्रयोगांवर पडदा पडला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही गरीब शाळेत प्रयोग होऊच शकत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तीस वर्षे ध्यानात ठेवावी.

उरला धोक्याचा मुद्दा. पडद्यावर आम्ल अंगावर उडत नाही, हे खरेच. म्हणूनच जे अतिविषारी, जे स्फोटक, ते पडद्यावरच राहू द्यावे. पण आम्ल आज प्रत्येक घराच्या न्हाणीघरात बाटली भरून असते आणि शेजारी ब्लीचिंग पावडरही असते. दोन्ही एकत्र केली तर क्लोरीन सुटतो, हे ज्याने शिक्षकाच्या देखरेखीखाली सौम्य आम्ल हाताळले आहे, त्याला अधिक पक्के समजते. आगीची भीती घालून स्वयंपाक शिकवता येत नाही.

आणि आई-बापांनो, थोडे तुमच्याकडेही वळतो. शासनाला आणि शाळेला बोल लावणे सोपे आहे. पण अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत प्रात्यक्षिक नाही, म्हणून हजेरी कागदावर ठेवणारे महाविद्यालय हौसेने कोण शोधते? मुलाचा प्रयोगशाळेतला तास 'फुकट जातो' असे कोण म्हणते? जो डॉक्टर उद्या तुमच्या नाडीवर बोट ठेवणार आहे, त्याने आयुष्यात काहीतरी स्वतः मोजून पाहिलेले असावे, एवढी तरी इच्छा बाळगा.

माझी मागणी लांबलचक नाही. कोणत्याही शाळेच्या तपासणीत पडद्याची खोली प्रयोगशाळा म्हणून धरली जाऊ नये; तिची नोंद वाचनालयाशेजारी करावी, कारण ते एक उत्तम पुस्तक आहे. प्रात्यक्षिकाचे गुण वाचन पुस्तकाशी जुळते का ह्यावर न देता, ते जसे आले तसे लिहिले का आणि फरकाचे कारण विचाराने सांगता येते का, ह्यावर द्यावेत. आणि शिक्षकांनी क्रम ठेवावा: आधी मुलांना अंदाज विचारा, मग पडद्यावर तालीम करा, मग खरे उपकरण हातात द्या, आणि अखेर दोन्हींत अंतर का पडले ह्यावर सबंध तास घालवा. त्या शेवटच्या तासासाठी आधीचे सारे असते.

शासन हे कधी करील ते करो. दिवाळीच्या सुटीत घराघरांत मुले मोकळी आहेत, आणि प्रयोगशाळाही घरातच आहे. अभ्यंगस्नानाच्या वेळी उटण्यातल्या हळदीचा डाग पंच्यावर पडेल. त्याला साबण लावताच तो लाल का होतो, हे मुलांना विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका. आकाशकंदील टांगला आहे त्याच्या शेजारी एक खिळा ठोका, दोऱ्याला नट बांधून खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर ठेवा, आणि थोडासाच ओढून सोडा. वीस हेलकाव्यांना गणिताप्रमाणे सुमारे ४० सेकंद लागावेत. दोरा पाव मीटर केला तर २०. तुमच्या मुलीच्या हाती ३९.२ येईल, धाकट्याच्या हाती ४१.५ येईल, आजोबा म्हणतील तुम्ही दोघेही मोजायला चुकलात. तिघांनाही पुन्हा मोजू द्या. जे येईल ते वहीत लिहा आणि कोणालाही खोडू देऊ नका.